गंगाबलला निघालेल्या भाचीला

या वेळी काश्मीर ग्रेट लेक्सच्या ट्रेकला फ्लाय रॉड घेऊन जाणार म्हणालीस, फार आनंद झाला. ट्रेकचं सामान कसं भरायचं ते तुला मी सांगायला नको, सह्याद्रीत तू भरपूर हिंडली आहेस. पण सोनमर्गहून निघून नारानागला उतरेपर्यंत मध्ये एकही दुकान नाही. जवळपास सत्तर किलोमीटरच्या चालीत चार हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी आहेत, आणि रॉडचं सगळं सामान त्या खिंडींवरून तुलाच वाहायचं आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यातलं बरंचसं मला लिद्दर नदीच्या काठावरच्या एका म्हाताऱ्या वाटाड्याने शिकवलं. ते लोक स्वतःला 'शिकारी' म्हणवतात, मग बरोबर बंदूक असो की रॉड.

सगळ्यात आधी कागद. यंदा ट्रेक खुला आहे का, परवानगी कोण देतं, हे तुझ्या ट्रेकवाल्यांकडून पक्कं करून घे, कारण दरवर्षी परिस्थिती सारखी नसते. मासेमारीचा परवाना वेगळा लागतो. तो जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाकडून श्रीनगरातच काढ, सोनमर्गला पोचल्यावर धावाधाव नको. दिवसाला किती मासे ठेवायचे, केवढ्या लांबीच्या आतले सोडायचे आणि कोणतं साधन चालतं, ते नियम तिथेच नीट विचारून लिहून घे. परवाना आणि आधार कार्ड एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेव, कारण वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र पाहतात. इकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, हेही लक्षात असू दे.

आता सामान. ट्रेकवर मोठ्या बॅगा खेचरांवर जातात, आणि खेचरं तुझ्या चालीने चालत नाहीत. कधी ती आधी पोचतात, कधी तासभर मागून येतात. त्यात विशनसर तळ्याच्या काठी तू दुपारी दोनला पोचलीस, पाणी स्थिर आहे, कडेला मासे फिरताना दिसताहेत आणि रॉड खेचरावर आहे, याच्याइतकी तगमग दुसरी नाही. शिवाय खेचराच्या पाठीवर दोरी आवळताना काय चिरडतं ते कुणी बघत नाही. म्हणून रॉड, रील आणि फ्लायची, म्हणजे किड्यांसारख्या बांधलेल्या गळांची, डबी कायम तुझ्या पाठीवर. कोरडे मोजे, जास्तीचे कपडे, झोपायची पिशवी, दुरुस्तीचं साहित्य खेचरावर गेलं तरी चालेल. आणि कंबरेला किंवा छातीला एक छोटा पाऊच, त्यात फक्त पाण्याशी उभं असताना लागणाऱ्या गोष्टी. रॉड, रील, नळी, फ्लाय सगळं मिळून दीड किलोच्या वर जाता कामा नये. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघ.

रॉड नऊ फुटांचा, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा घे. चार तुकडे केल्यावर तो सव्वादोन फुटांत मावतो आणि सॅकच्या बाजूला उभा बांधता येतो. तीन नंबरचा नाजूक रॉड ओढ्यावर हातात फार छान वाटतो, पण उंचावरच्या तळ्यांवर दुपारनंतर वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यात हलकी लाइन तुझ्याच टोपीवर येऊन पडेल. नळी कडक हवी. कापडी पिशवीत रॉड टाकून निघायचा विचारही मनात आणू नकोस. नळी सॅकला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बांध, म्हणजे खडकांतून उतरताना ती हेलकावणार नाही.

रॉडचे तुकडे जोडताना कड्या थोड्या तिरक्या ठेवून तुकडा आत सरकवायचा आणि पाव वळसा देऊन कड्या एका रेषेत आणायच्या. सांध्याला आधी मेणबत्तीचं थोडं मेण चोळ. तरीही दर अर्ध्या तासाने सांधे चाचपून बघ. फेकता फेकता ते सैल होतात, आणि सैल सांध्यावर मासा लागला की रॉड नेमका तिथेच मोडतो.

रीलवर पाण्यावर तरंगणारी, पुढे जड असलेली लाइन भर. तिच्या मागे पन्नास मीटर बॅकिंगचा दोरा पुरे. परवडत असेल तर जादा स्पूलवर हळूहळू बुडणारी एक लाइन घे. भर दुपारी ऊन चढलं की मासे खोल जातात, तेव्हा तिचा उपयोग होतो. नसली तरी अडणार नाही.

लीडर, म्हणजे लाइनच्या पुढचा बारीक होत जाणारा धागा, मात्र घरूनच तयार करून ने. नऊ फुटी, टोकाला ४ एक्स आणि ५ एक्स, असे दोन-दोन. प्रत्येकाच्या जाड टोकाला फास बांधून ठेव, चार बोटांवर गुंडाळ, छोट्या झिपच्या पिशवीत घाल आणि वर मार्करने नंबर लिही. सकाळी सहाला साडेतीन हजार मीटरवर बोटं इतकी बधिर असतात की साधी बुटाची नाडी बांधता येत नाही, लीडरची गाठ तर लांबच. टिपेटची, म्हणजे फ्लाय ज्याला बांधायचा त्या टोकाच्या धाग्याची, तीन रिळं बस झाली, ३, ४ आणि ५ एक्स. कोणत्या फ्लायला कोणतं टिपेट लावायचं याचं गणित सोपं आहे. गळाच्या नंबराला तीनने भाग. बारा नंबरच्या गळाला ४ एक्स, सोळाला ५ एक्स. आणि जाडी काढायची असेल तर अकरातून एक्सचा आकडा वजा कर, उरेल तितके हजारांश इंच. म्हणजे ५ एक्स सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. गेल्या वर्षीचं अर्धवट नायलॉन नेऊ नकोस. उन्हाने ते कमकुवत होतं आणि ते वरून दिसत नाही. दोन्ही हातांत फूटभर धागा धरून झटका दे, तुटला तर सरळ फेकून दे.

गाठी दोनच येऊ देत, पण अंधारातही बांधता आल्या पाहिजेत. फ्लाय बांधायला सुधारित क्लिंच, पाच वेढ्यांची. धाग्याला धागा जोडायला सर्जन्स नॉट. गाठ आवळण्याआधी तोंडात घालून ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच कमजोर होतो. रोज रात्री जेवणानंतर दिवा मालवून पाच-सहा गाठी बांधायचा सराव कर.

फ्लायबद्दल मात्र मी जरा लांबण लावणार आहे, कारण नवखी माणसं सगळ्यात जास्त ओझं इथेच वाढवतात. 'असू दे, लागला तर' असं म्हणत डबीत दोनशे फ्लाय जमतात, आणि तळ्याकाठी उभं राहून डबीत बघत बसण्यात सकाळ निघून जाते. तू एकच डबी ने, खिशात मावणारी, आत फोम असलेली. त्यात पन्नासाच्या आत फ्लाय. प्रकार मोजके ठेव, पण एकुलता एक फ्लाय कधीही नेऊ नकोस. चालणारा फ्लाय एकच असला आणि तो दगडात अडकून तुटला की पुढचे दिवस मन त्याच्याच मागे राहतं. प्रत्येकाचे किमान तीन घे.

त्या तळ्यांतले मासे काय खातात याचा आधी विचार कर. उंचावरच्या थंड तळ्यांत वर्षातले बरेच महिने बर्फ असतो. खायला मिळणारे दिवस थोडे, म्हणून मासे चोखंदळ कमी आणि हपापलेले जास्त. त्यांचं रोजचं खाणं म्हणजे न चावणाऱ्या डासांसारखे बारीक किडे, त्यांच्या अळ्या आणि कोष. त्यासाठी झेब्रा मिज, नंबर १६ आणि १८, काळे आणि लाल. तळाच्या अळ्यांसाठी फेझंट टेल आणि हेअर्स इअर, नंबर १२ ते १६. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने फेझंट टेल बांधला तो दोऱ्याशिवाय, नुसत्या बारीक तांब्याच्या तारेने, म्हणजे वजनही येतं आणि तो पटकन बुडतो. कुणी तुला तो बांधून दिला तर 'तारेचा आहे का' हे विचार.

वर तरंगणाऱ्यांत अ‍ॅडम्स हवाच, नंबर १४ आणि १६. १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडेने तो बांधला. तो नेमका कोणत्या एका किड्यासारखा दिसत नाही, आणि म्हणूनच बहुतेक सगळ्या किड्यांच्या जागी चालतो. सोबत एल्क हेअर कॅडिस, नंबर १४. आणि हे विसरू नकोस: काळी मुंगी आणि काळा भुंगा, नंबर १४ ते १६, आणि तीन नाकतोडे, नंबर १०. गवताळ उतारावरून वारा तळ्याकडे वाहू लागला की मुंग्या, भुंगे, नाकतोडे पाण्यात पडतात आणि वाऱ्याच्या दिशेच्या काठाला जमतात. दुपारी वाऱ्याला वैतागून सगळे तंबूत शिरतात, तेव्हा तू त्या काठावर जा. तिथे पाण्यावर फेसाची आणि कचऱ्याची एक बारीक रेघ दिसेल. मुंगी त्या रेघेवर टाक.

शेवटी ओढून आणायचे फ्लाय. वूली बगर, काळा आणि ऑलिव्ह, नंबर ८ आणि १०. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंगने १९६७ साली बांधलेला हा फ्लाय पाण्यात जळूसारखा, बेडकाच्या पिल्लासारखा, लहान माशासारखा, कशासारखाही वाटतो. ओढा तळ्याला मिळतो तिथे तो टाक, बुडू दे, मग थांबून थांबून बोटाबोटाने ओढ. काश्मीरचे जुने शिकारी मोराच्या पिसाचे आणि चंदेरी अंगाचे ओले फ्लाय वापरतात, पीकॉक, बुचर, अलेक्झांड्रा. तसले बारा नंबरचे तीन-चार तिकडेच कुणाकडून घे. त्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या चाललेली गोष्ट आहे, आणि तिथल्या माणसाने हाताने बांधलेल्या फ्लायचे पैसे त्याला मिळतात.

पिसांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांवर लाखेसारखे चकचकीत ठिपके असतात. इंग्रजांच्या काळात ही पिसं सॅमनच्या फ्लायसाठी गठ्ठ्यांनी विलायतेला जात. त्या हव्यासापायी किती पक्षी मारले गेले असतील याचा विचार केला की अजून वाईट वाटतं. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. कुणी 'खरं जंगल कॉक' म्हणून पीस देऊ केलं तर हात लावू नकोस. रंगवलेलं कोंबडीचं पीस त्याच कामाला चालतं.

घरीच बसून सगळ्या गळांच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट कर. मासा सोडवणं सोपं होतं, आणि स्वतःच्या बोटात गळ शिरला तर ज्या वाटेने गेला त्याच वाटेने निघतो. दवाखाना दोन दिवसांच्या चालीवर असताना हे फार मोलाचं आहे. डोळ्याजवळ मात्र शिरला तर स्वतः काही करायचं नाही, झाकायचं आणि उतरायचं. म्हणून गॉगल काढायचाच नाही. पोलराइज्ड घे, पाण्यावरची चमक जाते आणि मासेही दिसतात. वापरलेला ओला फ्लाय डबीत परत ठेवू नकोस, गळ गंजतो आणि शेजारच्यांनाही गंजवतो. टोपीला किंवा पाऊचला फोमचा तुकडा लाव, त्यावर टोच. रात्री तंबूत डबी उघडी ठेव.

पाऊचमध्ये काय? डबी, टिपेट, एक लीडर, नेलकटर, लांब चिमटा, फ्लाय तरंगवायचं जेल, ओला फ्लाय कोरडा करायची पावडर, खुणेसाठी थोडी रंगीत लोकर. जेल थंडीत घट्ट होतं, म्हणून सकाळी ते आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेव. वजनासाठी शिशाचे मणी नेऊ नकोस, पाण्यातल्या पक्ष्यांच्या पोटात जातात. टंगस्टनच्या मण्याचे फ्लाय घे. नेलकटर आणि चिमटा दोरीने पाऊचला बांध, गवतात पडले तर सापडत नाहीत. दुरुस्तीच्या पिशवीत रॉडच्या टोकाची एक जादा कडी, गरम करून लावायची गोंदाची कांडी, लायटर, त्याच्याभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी, फेविक्विक आणि सुई-दोरा. टोकाची कडी तुटणं हा सगळ्यात नेहमीचा अपघात. लायटर, कांडी आणि नवी कडी असली की पाच मिनिटांचं काम.

वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, नेऊ नकोस. ओले झाले की जड होतात, वाळत नाहीत, आणि तिथल्या पाण्यात उतरायची गरजही नाही. सकाळी-संध्याकाळी ट्राउट काठापासून हात-दोन हातांवर फिरत असतात, आणि माणूस आधी पाण्यात उतरून त्यांनाच पळवून लावतो. काठापासून मागे थांब, गुडघ्यावर बस, पहिली फेक गवतावरूनच कर. कपडे मातकट, हिरवट रंगांचे. ती नारिंगी विंडचीटर खिंडीत घाल, तळ्याकाठी नको. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळं त्यात भर, कारण बाहेरचं कव्हर तिथल्या पावसापुढे टिकत नाही.

जाळी रबराची घे, सुती जाळीने माशाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि पुढे त्याला बुरशी लागते. हात ओला केल्याशिवाय मासा धरू नकोस, फोटो तीन-चार सेकंदांत उरक. खायचा असेल तर नियमात बसेल तेवढा जरूर खा, त्यात मला काही गैर वाटत नाही. तळ्यांतले हे ब्राउन ट्राउट काश्मीरचे मूळचे नाहीतच. १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली, आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलने ती वाढवली. तिथून ते खोऱ्याखोऱ्यांत पसरले. तिथले मूळचे स्नो ट्राउट मात्र आपल्या खडशी माशासारखे घरचेच, आणि त्यांची संख्या घटते आहे. असा मासा लागला तर पाण्यातच सोडव. खडशीचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं होतं. त्या पाण्याचं आज काय झालंय ते तू रोज पुलावरून बघतेस.

मासा साफ केलास तर आतडी तळ्यात किंवा तंबूजवळ टाकू नकोस. अस्वलं आहेत त्या भागात. हात, सुरी आणि भांडं नीट धू, अन्न तंबूत ठेवू नकोस. अस्वलापेक्षा जपायचं ते बकरवाल मेंढपाळांच्या कुत्र्यांना. कळपाची राखण करणारी ही कुत्री अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. पहाटे एकटीने रॉड घेऊन कळपाच्या बाजूने जाऊ नकोस. लांबूनच हाक मार, सलाम कर, मालकाने कुत्रं आवरलं की मग पुढे हो. एकदा ओळख झाली की मासे कुठे आहेत ते तेच तुला सांगतील.

विमानात फ्लाय, चिमटा, कात्री चेक-इनच्या बॅगेत. रॉडची नळी सॅकच्या मध्यभागी कपड्यांत गुंडाळून तीही चेक-इनमध्येच. पॉवर बँक आणि सुटी बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत. श्रीनगरहून परत येताना तपासणी जास्त कडक असते, त्यामुळे नेहमीपेक्षा तासभर आधी पोच. रील हातातल्या बॅगेत ठेव. बॅग चुकली तर रॉड श्रीनगरात मिळेल, तुझ्या रॉडला बसणारी लाइन मिळणं कठीण.

नारानागला उतरल्यावर परत सिंध नदीच्या काठी मासे धरायचा मोह होईल. त्याआधी बूट, जाळी आणि लाइन धुऊन उन्हात पूर्ण वाळव. एका पाण्यातली शेवाळं आणि रोगजंतू दुसऱ्या पाण्यात न्यायचे नाहीत. आणि उरलेले फ्लाय, टिपेटची अर्धी रिळं खेचरवाल्याच्या किंवा वाटाड्याच्या मुलाला दे. तिकडे हे सामान सहज मिळत नाही. गळांची टोकं फोममध्ये टोचून, डबीसकट दे.